थोडी ओळख

"आता एक गंमत सांगते," असं राजनंदिनी माइकवर म्हणाली आणि स्टेजवरच्या शेवटच्या खुर्चीत, मांडीवर शाल-नारळ घेऊन बसलेल्या मिनाने सवयीने हसरं तोंड केलं. राजनंदिनीच्या गमती तिला पाठ होत्या. बर्फावरून घसरून पडलेले शरीरशास्त्राचे सर, मेसमधल्या बाईला शिकवलेली मराठी शिवी, लिफ्टमध्ये अडकलेली कणकेची परात. दोन वर्षं एका खोलीत काढल्यावर माणसाच्या गमती पाठ होतातच. पण राजनंदिनी पुढे म्हणाली, "आम्ही तिबिलिसी फिरायला गेलो होतो ना, तेव्हा तिथल्या गार्डने आमच्या मिनालाच पकडलं!" आणि सभागृह हसलं. गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती, तरी हसलं. मिनाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, कारण ते आवरायलाही तिला सवड मिळाली नाही. त्या हसऱ्या तोंडाच्या आत तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

हिंगोलीतल्या स्टेशनजवळच्या त्या सभागृहात जिल्ह्यातून परदेशी डॉक्टरकीला गेलेल्या मुलांचा सत्कार होता. सुट्टीत जी मुलं घरी आली होती ती सगळी गोळा केली होती. हळदीच्या बाजारात राजनंदिनीच्या वडिलांची आडत असल्यामुळे मंडपापासून पेढ्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडून आलं होतं, आणि म्हणून भाषण करायला राजनंदिनी होती. पंखे नुसतेच कुरकुरत होते. मधल्या रांगेत मिनाची आई, चंदाबाई, बसली होती. बाप किसनसिंग आला नव्हता, सोयाबीनची फवारणी टाकून सत्काराला जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. चंदाबाई मात्र डोंगरकड्याहून एसटीने आली होती, आणि आली होती ती फेटिया-कांचळी, तांड्यावरचा जुना घागरा-चोळीचा पोशाख, घालून. एरवी ती साडी नेसते. तांड्यावरच्या तिच्या वयाच्या सगळ्याच बाया आता साडी नेसतात. आरशांचा घागरा, कवड्यांची ओढणी हे सगळं सासूच्या मागे पेटीत गेलेलं. ते बाहेर काढायला लावलं राजनंदिनीने. परवा फोन करून लाडात म्हणाली होती, "काकू, तुमचा तो आरशांचा ड्रेस घालून या ना, प्लीज, फोटो इतके भारी येतील." चंदाबाईने दोन दिवस उन्हात टाकून त्याचा कुबट वास घालवला, तुटलेले टाके पुन्हा घातले, आणि मिनाने "काहून घालतीस याडी, साडीच बरी" म्हटल्यावर तिलाच दटावलं, "तुही मैतरीण एवढं म्हणून राहिली अन मी न्हाई म्हणू व्हय?" एसटीत बाया वळून वळून बघत होत्या आणि चंदाबाई मान ताठ ठेवून खिडकीबाहेर बघत होती. मिनाला तेव्हा बरंच वाटलं होतं. आता तिच्या लक्षात यायला लागलं की ड्रेस फोटोसाठी नव्हता, गोष्टीसाठी होता.

"आम्ही तिघं होतो," राजनंदिनी सांगत होती, "मी, मिना आणि आमचा प्रज्ञेश, तो नांदेडचा." हे खरं होतं. एवढं एकच खरं होतं, आणि मिनाला त्या खऱ्याचा जास्त राग आला, कारण त्याच्या जोरावर पुढचं सगळं खपणार होतं. त्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते तिघं त्यांच्या कॉलेजच्या गावाहून तिबिलिसी, तिथली राजधानी, बघायला निघाले होते. मिनाने आयुष्यात पहिल्यांदा एखादं शहर काही काम नसताना बघितलं. हिंगोलीला ती जायची ती दाखला काढायला किंवा दवाखान्यात; नांदेडला क्लाससाठी; मुंबईला फक्त विमानासाठी. इथे नुसतं चालायचं होतं. टेकडीवर जाणाऱ्या दोरीच्या पाळण्यात बसल्यावर खाली नदी, तांबड्या कौलांची घरं, लाकडी सज्जे आणि त्या सज्ज्यांमध्ये वाळत घातलेले शर्ट दिसले, तेव्हा ती इतकी खूष झाली की राजनंदिनीच्या दंडाला चिमटा काढला. राजनंदिनी ओरडली आणि तिनेही काढला. खाली येऊन त्यांनी चीज भरलेली होडीच्या आकाराची गरम पोळी घेतली, आणि मिनाने पिशवीतून आईची शेंगदाण्याची चटणी काढली. त्या चीजवर ती चटणी टाकून तिघांनी बोटं चाटून खाल्लं, आणि प्रज्ञेश म्हणाला की चंदाकाकूंचं इथे हॉटेल टाकलं पाहिजे. गंधकाच्या वासाच्या गल्लीत राजनंदिनीने शंभर फोटो काढून घेतले. प्रज्ञेशच्या हातात तिचा फोन, खांद्याला फोन लावायच्या स्टँडची लांबट पिशवी, आणि ती या दारात, त्या दारात. मिना बाजूला उभी राहून तिची पर्स सांभाळत होती. कुणी तिला सांभाळ म्हटलं नव्हतं. मैत्रिणीची पर्स माणूस धरतोच.

मग तो झाकलेला बाजार. लोणची, मध, दोऱ्यात ओवलेले अक्रोड, मसाल्यांच्या राशी. त्यातली पिवळी रास बघून राजनंदिनी म्हणाली, ही हळद नाहीच, पप्पांना दाखवली तर रडतील. बाजाराच्या दाराशी एक म्हातारी बसली होती, तिकडे जिप्सी म्हणतात त्यांच्यातली. पायघोळ फुलांचा झगा, डोक्याला रुमाल, वरचा एक दात सोन्याचा, आणि मांडीवर दोन-तीन वर्षांचं लेकरू, उन्हाने लालबुंद झालेलं. तिच्या अंगावर ना आरसे होते ना कवड्या. मिना तिच्याकडे बघतही नव्हती. राजनंदिनी आणि प्रज्ञेश आत पुढे गेले होते आणि मिना बुटाची लेस बांधायला वाकली होती, तेव्हा म्हातारी लेकराकडे बोट करून म्हणाली, "दे मन पानी." मिनाने पिशवीतली बाटली काढली, तिच्या हातात दिली आणि घरी आईला म्हणते तशी म्हणाली, "ले याडी, पाणी पी." आणि पुन्हा लेस बांधायला लागली. गाठ मारून झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इथे हे कसं काय. कितीतरी महिन्यांत कुणी तिच्याकडे तिच्या घरातल्या शब्दात काही मागितलं नव्हतं, आणि तिनेही न विचारता घरातल्यासारखं दिलं होतं. म्हातारीलाही ते जाणवलं असावं. तिने डोळे बारीक करून मिनाला वरपासून खालपर्यंत बघितलं, नाकाला बोट लावून म्हणाली, "नक." मग कानाला लावून म्हणाली, "कन." मिना हसत सुटली. तांड्यावर लहान लेकरांना असंच शिकवतात. ती उकिडवी बसली आणि दोघी एकमेकींना शब्द विचारत राहिल्या. जमले तेवढे जमले, बाकीचे नुसतेच हसून सोडून दिले. तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं, राजनंदिनीलाच सांगायचं होतं. आत्ता जाऊन तिला हाताला धरून आणते, असं तिच्या मनात होतं.

राजनंदिनी आपणच आली, ओरडत आली. तिचा फोन सापडत नव्हता. तिच्या मागे बाजाराचा गार्ड होता, जाड मिशांचा, हातात वायरलेस. त्याने म्हातारीला बघितलं आणि चौकशी तिथेच संपली. त्याने तिच्या दंडाला धरून उठवलं, तिच्या झग्याचे खिसे उलटे केले, आणि त्यात काही मिळालं नाही म्हणून त्याला आणखी राग आला. बाजूच्या अक्रोडवालीने त्याला काहीतरी सांगितलं, मिनाकडे बोट करून. ही तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती, एवढंच सांगितलं असणार. गार्डने मिनाची पिशवी खेचली आणि अक्रोडाच्या फळीवर पालथी केली. कंगवा, पॅडचं पाकीट, अर्धी उरलेली पोळी, चटणीचा डबा. राजनंदिनीची पर्स मिनाच्याच खांद्याला होती. ती बघून त्याने तिच्यासमोर बोट नाचवलं, आणि मग डबा उघडून चटणीत बोट खुपसलं, खालपर्यंत, काहीतरी लपवलं असेल म्हणून. त्याचं ते बोट मिनाच्या डोळ्यांसमोर अजून आहे. चंदाबाईने ती चटणी उखळात कुटली होती आणि निघायच्या दिवशी तिच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवली होती, सांडू नये म्हणून. गार्डने बोट वर काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. लोक जमले होते. मिनाला मोडकं-तोडकं इंग्रजी येत होतं तेही त्या क्षणी गेलं, आणि तिने राजनंदिनीकडे बघितलं. तिला भीती वाटत नव्हती. राजनंदिनी पाच पावलांवर उभी होती, मग भीती कशाची? गार्डनेही तिच्याकडेच बघितलं आणि आपल्या तुटक्या इंग्रजीत विचारलं, "ही तुमच्याबरोबर?"

राजनंदिनीने म्हातारीकडे बघितलं, जमलेल्या लोकांकडे बघितलं, आणि म्हणाली, "आम्ही थोडंसं ओळखतो हिला."

थोडंसं! तोवर वर्षभर एका खोलीत शेजारी-शेजारी दोन गाद्या, एकच इस्त्री, एकच तेलाची बाटली. त्याआधीच्या होळीला सुट्टीत हीच राजनंदिनी तांड्यावर आली होती. चंदाबाईने तिला नाहू घातलं होतं, डोक्यात तेल जिरवलं होतं, आणि रात्री अंगणात बाया लेंगी म्हणत फेर धरायला लागल्या तेव्हा तिला ओढून मध्ये घेतलं होतं. मिनाला पहिल्या थंडीत ताप भरला तेव्हा राजनंदिनीने रात्रभर जागून खिचडी भरवली होती, हेही खरं होतं, आणि मिना ते कधी विसरली नाही. म्हणूनच तो शब्द तिला गिळता येईना. नाही म्हणाली असती तर एक वेळ समजलं असतं. भीतीने माणूस नाही म्हणतो, खोटं बोलतो. पण थोडंसं म्हणायला डोकं थंड ठेवावं लागतं, मापून तोडावं लागतं. आपल्यावर काही यायला नको, आणि उद्या खोलीत एकत्र राहायचंच आहे तर तेही मोडायला नको, असा हिशेब त्या एका शब्दात होता. प्रज्ञेश मागून धावत आला तो खांद्यावरची पिशवी उघडतच. फोन त्याच्या स्टँडच्या पिशवीत होता. फोटो काढून झाल्यावर त्यानेच तिथे टाकला होता. गार्ड खांदे उडवून निघून गेला. म्हातारी लेकराला कडेवर घेऊन केव्हाच निघून गेली होती. "चला बाई, सापडला एकदाचा," असं म्हणून राजनंदिनीने सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं. मिनाने ते खाल्लं. ते का खाल्लं याचं उत्तर तिला अजून सापडलेलं नाही, आणि त्याचा संतापही राजनंदिनीवरच जातो.

ती वाट बघत राहिली. आज म्हणेल, उद्या म्हणेल. माफी नको होती. आपण काय बोललो ते राजनंदिनीला आठवतं आहे, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. परीक्षा झाल्या, बर्फ पडून वितळला, दोघी एकाच विमानाने परत आल्या, विमानात राजनंदिनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आणखी काही दिवसांनी त्याच खोलीत परत जायचं होतं. आणि आता कळत होतं की राजनंदिनीला सगळं आठवत होतं. फक्त तिच्याकडे त्याची गंमत झाली होती.

"...आणि आम्ही जाऊन बघतो तर काय," राजनंदिनी माइकवर रंगात आली होती, "मिना त्या जिप्सी बाईच्या शेजारी मांडी घालून बसलेली, दोघी फाडफाड बोलतायत! गार्डला कळेना यातली कुठली कुणाची. मी म्हटलं, अहो दादा, ही आमची मिना आहे, हिला सोडा!" टाळ्या पडल्या. "आणि खरं सांगू, त्याची तरी काय चूक? ती बाई सेम टू सेम आपल्या चंदाकाकूंसारखी दिसत होती. काकू आल्यात ना? काकू, उभ्या राहा ना, सगळ्यांना दिसू दे!"

चंदाबाई उभी राहिली. शेजारच्या बाईने तिला कोपर लावून उठवलं, आणि ती उठली. माइकमधलं ते शहरी, भरभर मराठी तिला अर्धंच कळत होतं. आपलं नाव आलं, लेकीचं नाव आलं, लोक हसतायत म्हणजे काहीतरी आनंदाचं आहे, एवढं तिने धरलं. तिने दोन्ही हात जोडले, उजवीकडे, डावीकडे, आणि सगळ्यांबरोबर हसली. आरसे चमकले. मोबाइल वर झाले. एवढा वेळ मिना ऐकत होती, ते तिच्याबद्दल होतं म्हणून बसून ऐकता येत होतं. आता तिच्या मांडीवरचा नारळ खाली गडगडला आणि ती उभी होती.

ती राजनंदिनीजवळ गेली. राजनंदिनीला वाटलं ही मिठी मारायला आली. तिने हातही पसरला. मिनाने तिच्या हातातून माइक घेतला नाही, नुसती त्याच्यापाशी वाकली. "गार्डनं हिला इचारलं, ही तुमच्याबरोबर हाय का," ती म्हणाली. तिला शुद्ध मराठी बोलायचं होतं, कॉलेजात बोलायची तसं, पण आलं ते घरचंच आलं. "राजनंदिनी, तू काय म्हणलीस ते सांग."

"अगं, गंमत चालली आहे मिना."

"मंग सांग की. तुहीच गंमत हाय."

"मी म्हणाले ना, ही आमची..."

"न्हाई. थोडंसं ओळखतो म्हणलीस." सभागृहात कुणाला याचं काही वाटलं नाही. थोडंसं ओळखतो, यात काय वाईट आहे, अशी तोंडं समोर दिसत होती. मिनाला कळलं की हे इथे सांगता येणार नाही. या शब्दाला रक्त येत नाही, म्हणून तो लागला हे कुणाला दिसत नाही. तरी ती बोलली. "ह्या बाईनं तुह्या डोक्याला तेल लावलं. तिला उभी करून दाखवून राहिलीस. हिला किती ओळखतीस, थोडंसं का जादा, तेवढं सांग अन मी बसते."

राजनंदिनीचे डोळे भरून आले. ती रडायला लागली की खरंच रडते, हे मिनाला माहीत होतं. "मी घाबरले होते गं," ती पुटपुटली, आणि ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, आणि सगळं सभागृह एकदम राजनंदिनीच्या बाजूला झालं. परक्या मुलखातली पोर, घाबरणारच. आयोजक सोनाजीराव लगबगीने पुढे आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "लेकरांची भांडणं आहेत, चालायचीच. आनंदाचा प्रसंग आहे. मिना, बाळ, मन मोठं ठेवावं." त्यांनी राजनंदिनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली. मिना मागच्या पायऱ्या उतरून बाहेर आली. रागाने तिला नीट दिसत नव्हतं. घाबरले होते! आणि जिची पिशवी पालथी केली ती कोण होती? तिने मन मोठं ठेवायचं, तिनेच खाली पडलेला नारळ उचलायचा, तिनेच त्या खोलीत परत जाऊन शेजारची गादी घालायची. बाहेर रिक्षावाले हिंदीत भाड्यावरून वाद घालत होते आणि पोह्यांचा वास येत होता.

चंदाबाई घागरा सावरत, धापा टाकत मागे आली. "काई हुयो?" तिने विचारलं. मिना म्हणाली काही नाही, चल, जवळा बाजारची गाडी लागली असेल, तिने कळमनुरीपर्यंत जाऊ. ती गाडी त्यांच्या गावाच्या वाटेला जातच नव्हती. त्यावरूनच चंदाबाईने काहीतरी बिनसलंय हे ओळखलं आणि तिचा हात घट्ट धरला. मग मिनाने सांगितलं. तांड्याच्या बोलीत सांगितलं, आणि त्या बोलीत ते सांगायला वेळ लागला नाही. म्हातारी, पाणी, चटणीतलं बोट, 'थोडंसं' हा शब्द. राजनंदिनी त्या बाईला तुझ्यासारखी म्हणाली आणि त्यावर लोक हसले, हेही सांगितलं. चंदाबाई खाली बघत ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मला उभं केलं, ते त्याच्याचसाठी?"

"व्हय."

चंदाबाईच्या तोंडावरचा रंग बदलला. "अन मी हसले," ती म्हणाली. "मला वाटलं तुहं कवतिक चाललं. मी बी हसले की गं, सगळ्याइच्या संगं."

"जाऊ दे याडी. तुला काय ठाव होतं?"

"जाऊ कसं दे? त्याइनं पाहिलं ना हसताना. फोटू काढले." तिने मिनाचा हात सोडला. मिनाने दोनदा हाक मारली, पण ती वळून सभागृहाच्या पुढच्या दाराने आत गेली होती. लोक हातात बशा घेऊन उभे होते, राजनंदिनी वडिलांशेजारी बसून डोळे पुसत होती. सोनाजीराव "या या, ताई, पोहे घ्या" म्हणाले, त्यांना बाजूला सारून चंदाबाई खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ राजनंदिनीसमोर जाऊन उभी राहिली. माइक बंद होता. तिला त्याची गरज नव्हती. शिवाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारणारा तो आवाज होता.

"पोरी," ती म्हणाली, आणि बशांमधले चमचे थांबले. "मगाशी मी हसले. मला कळलं नव्हतं. ते हसू माहं न्हाई, ते मी वापस घ्याला आले."